भोक पाडायच्या आधी

मागच्या रविवारी सकाळी जुन्या बाजारात गेले होते. पुण्यातला, मंगळवार पेठेतला, बुधवारी आणि रविवारी भरतो तो. एका विक्रेत्यासमोर पंचविशीतलं एक जोडपं पितळी घंगाळ घेऊन उभं होतं. चांगलं जड घंगाळ, दोन्ही कड्या शाबूत, अंगभर मठारकाम. भाव ठरून गेला होता आणि मुलगी विचारत होती, “दादा, याला खाली चार भोकं पाडून मिळतील का? बाल्कनीत मनी प्लांट लावायचाय.”

दुसऱ्याच्या खरेदीत तोंड घालू नये हे मला कळतं, पण राहवलं नाही. म्हटलं, “अगं, याला भोक नको पाडूस. हे अजून पाणी धरतंय.” विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, त्यांना कुंडी हवीय, मी काय करणार?” त्याचंही बरोबरच. मुलगी मात्र चिडली नाही. तिने सरळ विचारलं, “मग काकू, कशात लावू?”

तिथे उभ्या उभ्या जेवढं सुचलं तेवढं सांगितलं. बरंच राहून गेलं, ते आज इथे लिहिते. गेली चौदा-पंधरा वर्षं मी जुन्या वस्तूंमध्ये झाडं लावतेय. तळमजल्यावर राहतो, मागे जेमतेम दहा बाय बाराचं अंगण आहे, आणि त्यात नर्सरीतून आणलेली कुंडी एकही नाही. त्यामुळे या विषयावर माझं मत ठाम आहे. जे गळतंय, तडकलंय, ज्याचं मूळ काम आता होण्यासारखं उरलेलं नाही, त्याची खुशाल कुंडी करा. जे अजून धड आहे त्याला हात लावू नका.

त्या घंगाळाचंच घ्या. मठारकाम म्हणजे काय ते एकदा उन्हात धरून बघा. पत्र्यावर एकाला एक लागून बारीक खळगे असतात, प्रत्येक खळगा म्हणजे हातोडीचा एक ठोका. ओळीने, न चुकता, हजारो ठोके. कसब्यातल्या तांबट आळीत हे काम पेशवाईपासून चालत आलंय आणि आता ते करणारी घरं थोडी उरली आहेत. अशा घंगाळाला ड्रिल लावलं की त्याची किंमत त्या क्षणी मोडीची होते. पुन्हा दिवाळीला त्यात अभ्यंगाचं पाणी काढता येत नाही, की पुढे कोणाला ते भांडं म्हणून विकता येत नाही. आणि गंमत अशी की भोक पाडायची गरजच नसते. झाड साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत लावा, ती कुंडी घंगाळात दोन विटांवर ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा. बाहेरून दिसायला तेच दिसतं.

दुसरं कारण झाडाच्या बाजूचं आहे. आपल्या आज्या कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवत नसत, कळकतं म्हणून. मग खतावलेली ओली माती तिथे वर्षभर राहिली तर वेगळं काय होणार? तांबं मातीत उतरतं. झाडाला तांबं लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं तर मुळांची कोवळी टोकं खुंटतात. आमच्या सांगली-नाशिककडच्या द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, ते मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि चुना मिसळून बोर्डो मिश्रण फवारतात ते बुरशी मारायलाच. तेव्हा तांब्या-पितळेत माती थेट भरूच नये, मग भांडं गळकं का असेना.

आमच्याकडे सासूबाईंचा अंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. तळाशी गळायचा. त्यांनी दोनदा डाख, म्हणजे धातूचा सांधा, लावून आणला, तिसऱ्यांदा तांबट म्हणाला, पत्रा पातळ झालाय, आता डाख धरणार नाही. पाच वर्षं तो माळ्यावर पडून होता. मोडीत चांगले पैसे आले असते, तांबंच ते. मी तो मागितला. आता तो अंगणाच्या कोपऱ्यात उभा आहे, मधली धुराची नळी काढून टाकलीय, आत एका डब्यात नेचा आहे आणि त्याची पानं कडेवरून बाहेर झुकलीत. सासूबाई रोज सकाळी येऊन बसतात तिथे. बंबाची तोटी त्या अजून चिंचेने घासतात. मी त्यांना कधी नको म्हटलं नाही.

तर मग घ्यायचं काय? जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे, बोहरी आळीच्या मागच्या गल्ल्यांत माझे डोळे गळक्या वस्तू शोधतात. तळ गेलेली जस्ताची बादली. गंजून चाळण झालेलं घमेलं. टवके उडालेलं इनॅमलचं टमरेल. कान तुटलेली बिडाची कढई. तडा गेलेली लोणच्याची बरणी. यांतल्या बहुतेकांना भोक पाडावंच लागत नाही, पाणी जायची वाट आधीच झालेली असते. विक्रेते लपवतात ती खोट मला हवी असते. बादली उचलून आभाळाकडे धरायची आणि तळातून उजेड दिसतोय का ते पाहायचं. दिसला की घ्यायची.

चिनी मातीची बरणी धड असेल तर तिच्यात लोणचं घाला. तोंड फुटलेली किंवा तडा गेलेली असेल आणि तळाला वाट नसेल, तरच ड्रिल. त्यासाठी काचेला-टाइलला वापरतात तो बिट हार्डवेअरच्या दुकानातून आणायचा, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारायची सोय, बंद ठेवायचा, बरणी उपडी करून जागेवर चिकटपट्टी लावायची आणि दुसऱ्याने बारीक धार धरून पाणी सोडत राहायचं. ड्रिल दाबायचं नाही, त्याच्या वजनाने जाऊ द्यायचं. आणि पाणी ड्रिलच्या मशीनवर उडणार नाही इतकं लांब धरायचं. आम्हाला एका बरणीला पंचवीस मिनिटं लागली होती. माझी एक बरणी घाईत दुभंगली, तेव्हापासून मी घाई करत नाही.

आता एक गैरसमज, जो मी स्वतः कित्येक वर्षं पाळला. तळाशी खडीचा थर टाकला की पाण्याचा निचरा चांगला होतो, असं सगळे सांगतात. होत नाही. ओला स्पंज जाळीवर ठेवून बघा. वरून पाणी निथळतं, पण खालचा भाग ओलाच राहतो, खाली मोकळी हवा असूनसुद्धा. मातीचंही तसंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या खडीत सहजासहजी उतरत नाही, ते खडीच्या वर अडून राहतं. म्हणजे तीन इंच खडी टाकली तर ओली जागा तीन इंच वर सरकते, अगदी मुळांपाशी. माझी शेवंती त्याच्यानेच कुजली. भोकावर खापराचा एक वाकडा तुकडा ठेवा, बाकी सगळी माती भरा. मातीत एक वाटा कोकोपीट आणि एक वाटा गांडूळखत मिसळा. आणि भांडं जमिनीला टेकवू नका, खाली विटेचे तीन तुकडे द्या. पुण्यात निम्म्या कुंड्या भोक असून तुंबतात, कारण भोक फरशीवर दबलेलं असतं.

लोखंड आणि पत्रा उन्हाळ्यात तापतो. एप्रिलमध्ये दुपारी दोनला बादलीला हात लावून बघा, म्हणजे मुळांचं काय होत असेल ते कळेल. मी आतून गोणपाटाचे दोन पदर लावते आणि पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशा जागी ठेवते.

माहेरी, राजापूरकडे, भावाने घरावरची कौलं उतरवून पत्रे घातले. माकडांनी कौलं फोडून नाकीनऊ आणले होते, त्याला दोष देत नाही. पण परसात तो ढीग पाहून मला कसंतरीच झालं. मंगळुरी कौल उलटं केलं की पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो, गावाचं नाव असतं, कधी एखादं चिन्ह. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला १८६५ मध्ये पहिला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे तिथली कौलं गलबतांनी आपल्या किनाऱ्यावर येत राहिली. फुटकी कौलं मी एसटीच्या टपावरून नाही, भावाच्या टेम्पोतून दोन खेपांत आणली. अर्धी जमिनीत उभी पुरली की वाफ्याला सुंदर काठ होतो, शिक्क्याची बाजू बाहेर ठेवायची.

त्या ढिगाखाली जुन्या गोठ्यावरची नळीची कौलंही निघाली, कुंभाराने हाताने घडवलेली, अर्धगोल. एकावर बोटांचे चार ठसे आहेत, ओली असताना उचलली तेव्हाचे. या कौलांवर मी सीतेची वेणी बांधलीय. हे आपल्या सह्याद्रीतलं ऑर्किड, झाडांच्या फांद्यांवर वाढतं, उन्हाळा संपता संपता गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब घोस लोंबतो. त्याला माती लागत नाही. कौलाच्या पोटात नारळाचं सोडण, त्यावर रोप, काथ्याने सैल बांधायचं. मुळांनी कौल धरायला दोन पावसाळे घेतले. आता काथ्या कुजून गेलाय आणि रोप आपलं आपण उभं आहे. जंगलातून रोप ओरबाडून मात्र आणू नका. माझं रोप पावसात मोडून पडलेल्या फांदीवरचं आहे.

जातं आणि पाटा-वरवंटा यांच्याबद्दल वेगळं सांगायचंय. हल्ली फार्महाऊसवाले पाट्यांची पायवाट करतात. मला ते बघवत नाही. ज्याला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो, त्यावर चपला घालून चालायचं? संशोधक हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. एवढं बायकांनी त्या दगडापाशी बसून बोलून ठेवलंय. जातं अंगणात ठेवायचं तर तुळशीजवळ ठेवा, शेजारी गवती चहा लावा. माझ्याकडे आहे ते तसंच. वरच्या तळीच्या तोंडात पाणी साचतं, ते मी रोज झटकते.

आणि साचणाऱ्या पाण्यावरून टायरचा विषय. रंगवलेल्या टायरचे हंस आणि बेडूक सोसायट्यांमध्ये फार दिसतात. माझ्याकडेही एक होता, आत झेंडू लावलेला. एका पावसाळ्यात बिल्डिंगमधल्या शाळकरी मुलाला डेंग्यू झाला. तपासायला आलेल्या माणसाने माझ्या टायरच्या आतल्या कडेत बोट घातलं आणि वळवळणाऱ्या अळ्या मला दाखवल्या. त्या डासामुळेच झालं की नाही हे कोण सांगणार, पण मी त्या मुलाच्या आईसमोर जाऊन माफी मागितली. टायर कसाही ठेवा, आतल्या बाजूला पाणी धरतोच. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात, पुढच्या पावसाची वाट बघत. मी टायर दुसऱ्या दिवशी काढला. तुम्हीही काढा, कितीही गोंडस दिसला तरी. ठेवायचाच असेल तर तळाला सगळीकडून मोठी भोकं पाडा आणि आतला खळगा मातीने पूर्ण भरा.

आणखी काही गोष्टी मी फुकट मिळाल्या तरी घेत नाही. कीटकनाशकांचे ड्रम आणि डबे, कितीही धुतलेले असोत. गाडीच्या बॅटरीची खोकी, त्यात शिसं असतं. सिमेंटचे जुने पत्रे, कारण त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि कापताना त्याची धूळ छातीत जाते. पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी-खिडक्या टिंबर मार्केटात मिळतात, वेल चढवायला छान असतात, पण त्यांच्यावरचा जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. अशा लाकडाजवळ मेथी-कोथिंबीर तर नकोच.

गच्चीवाल्यांनी वजनाचा विचार करा. दोनशे लिटरचं पिंप ओल्या मातीने भरलं की तीनशे किलोच्या आसपास जातं, आणि गच्चीचा स्लॅब साधारण चौरस मीटरला दीडशे किलो वापराचा भार धरून बांधतात.

चंदीगडचं रॉक गार्डन पाहिलंय का कोणी? नेकचंद सरकारी रस्तेखात्यात निरीक्षक होते. १९५७ पासून रोजचं नोकरीचं काम आटोपल्यावर एकट्याने, कोणाला न सांगता, फुटक्या बांगड्या, फुटके सिंक, कपबशांचे तुकडे, पाडलेल्या घरांचा राडारोडा जमवून त्यांनी जंगलात एक जग उभं केलं. १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. मी तिथे बांगड्यांच्या काचांनी मढवलेल्या बायकांच्या रांगेसमोर बराच वेळ उभी होते. एकही धड वस्तू त्यांनी त्यासाठी फोडलेली नव्हती, सगळं आधीच कोणीतरी टाकून दिलेलं होतं.

त्या मुलीने शेवटी घंगाळ घेतलं, भोकं न पाडता. आणि पलीकडच्या ढिगातून तळ गेलेली जस्ताची बादली दीडशे रुपयांना. बादली मी तिला आभाळाकडे धरायला लावली.

माझ्याकडे नळीची तीसेक कौलं अजून शिल्लक आहेत. ज्यांना ऑर्किड किंवा नेचे लावायला हवी असतील त्यांनी संध्याकाळी पाचनंतर येऊन घेऊन जा, पैसे नकोत. येताना पिशवी नको, पाटी आणा आणि सोबत जुनं गोणपाट, वाटेत कडा उडतात.