गुरुजी, तुम्ही आता सुलभक आहात!

सुलभक म्हणजे शिकवणारा नव्हे, शिकणं सोपं करून देणारा. आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव भरताय ना? मग 'माझे शैक्षणिक तत्त्वज्ञान' हा रकाना कोरा ठेवू नका. पहिली ओळ ठोकून द्या, 'मी शिकवत नाही, मूल स्वतः शिकते.' निम्मं वाक्य तर शब्दशः खरं आहे. दुसऱ्या ओळीत बालशिक्षणाचं काम उभारणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना वंदन. मात्र बोर्डी-कोसबाडला त्यांनी काय केलं, याच्या फार खोलात शिरू नका. मुलं बालवाडीत येईनात म्हणून या बायांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. उद्या साहेबांनी हे वाचून तुम्हालाही कुरणात धाडलं तर?

वर्गात बाकं यू आकारात लावा. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमानंतर फरशी रंगवल्याशिवाय ज्ञानाची रचना होत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे. ऑइलपेंटच घ्या. आणि वाळला तरी पोरांना त्यावर पाय देऊ देऊ नका, साहेबांची भेट होईपर्यंत तो टिकला पाहिजे. शिक्षा कायद्यानेच बंद आहे, तेव्हा छडीने फक्त तक्ता दाखवायचा. तक्त्याजवळ कोण उभं आहे, ते तुमचं तुम्ही बघा.

खरी कसोटी वर्णनात्मक नोंदींची. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. म्हणजे एकेका मुलाकडे बारकाईने बघायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. बघत बसलात तर ऑनलाइन माहिती कोण भरणार? तयार नोंदींचं पुस्तक दुकानात मिळतं. सम हजेरी क्रमांकांना 'स्वतःचे मत ठामपणे मांडतो', विषमांना 'गटात इतरांना मदत करतो'. मुलींची नावं सुरू झाली की 'करतो'चं 'करते' करायचं तेवढं लक्षात ठेवा. मी विसरलो होतो. सात मुली दोन सत्रं 'मदत करतो' होत्या. कुणीही हरकत घेतली नाही. दिवाळीच्या सुमारास आईबापामागे ऊसतोडीला गेलेल्या पोरापुढे 'परिसरभेटीत आवडीने सहभागी होतो' लिहावं. भेट जरा लांबली, एवढंच.

शैक्षणिक साहित्य कपाटात कुलूपबंद असू द्या. साहेब आले की काढा. दशकाचे गठ्ठे, रबर लावलेले, ओळीने मांडा. एखादं आगाऊ पोर रबर काढून काड्या मोजतं आणि सगळ्यांदेखत म्हणतं, "सर, ह्यात नऊच हायत!"

गडबडू नका. गठ्ठा त्याच्या हातातून अलगद घ्या, रबर परत लावा. "दशक आहे ते. खाली बस." मग नोंदवही उघडून त्याच्या नावापुढे लिहा, 'निर्भीडपणे प्रश्न विचारतो.'