काइंडली चेक द ॲप

सकाळपासून डोकं फिरलंय. ऑफिसात दोन व्हाउचर चुकले, चहावाल्या पोरावर उगाच खेकसले, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकावं. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते. ज्यांना रील बघायचेत त्यांनी खुशाल पुढे जावं.

आज इथे बडोद्यात, माझ्या लेकीच्या, चिऊच्या शाळेत 'ग्रँडपेरेंट्स डे' होता. होता म्हणजे, होणार होता. साडेनऊला आजी-आजोबांनी यायचं, नातवंडांच्या वर्गात बसायचं आणि आपल्या लहानपणीचा एक खेळ मुलांना शिकवायचा. आई (म्हणजे सासूबाई, पण मी आईच म्हणते) सव्वानऊला फाटकाशी हजर. अंगावर लग्नकार्यालाच निघणारी ती जांभळी साडी, एका हातात तिळाच्या वड्यांचा डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. आणि वॉचमनकाका म्हणतात, "बा, आजे तो नथी. केन्सल थई गयुं."

काल रात्री 9 वाजून 47 मिनिटांनी ॲपवर सर्क्युलर पडलं होतं. इंग्रजीत. 'ड्यू टु अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस' वगैरे. आता कार्यक्रम 6 फेब्रुवारीला. संपलं. पुढे 'वुइ रिग्रेट' होतं म्हणा, पण ते छापीलच असतं.

दुपारी एकला मी घरी फोन केला, कसा झाला कार्यक्रम विचारायला. आई म्हणाल्या, "काही नाही गं, नव्हता आज. ऊन छान होतं, जाऊन आले."

ऊन छान होतं! अहो, आमच्या घरापासून शाळा रिक्षानं पाऊण तास. जाताना चिऊच्या वर्धीच्या, म्हणजे शाळेसाठी ठरवलेल्या, रिक्षात जागा नसते, म्हणून त्या वेगळी रिक्षा करून गेल्या. गुडघा दुखतो म्हणून एरवी रावपुऱ्यात यायचं म्हटलं तरी आढेवेढे घेतात.

मी क्लास टीचरना मेसेज केला. सभ्य भाषेत केला, शपथ. उत्तर आलं: 'मॅम, काइंडली चेक द ॲप रेग्युलरली.' आणि पुढे जोडलेले दोन हात.

बरं, त्या ॲपवर काय काय येतं ते सांगते, म्हणजे कळेल. जानेवारी-फेब्रुवारीचा 'अपकमिंग इव्हेंट्स'चा एक रंगीत कागद आला होता, कोपऱ्यात हसणारा पतंग. उत्तरायणला पिवळे कपडे आणि घरी केलेला पतंग. (दुसरीतलं पोर घरी पतंग करतं म्हणे! कामट्या मी तासल्या, बोट मी कापून घेतलं, शाबासकीचा स्टार तिला.) सव्वीस जानेवारीला पांढरे कॅनव्हास शूज, घरात पांढरे आहेत ते चालत नाहीत, त्यांना निळी पट्टी आहे. स्पोर्ट्‌स डेला पालकांची लिंबू-चमचा शर्यत. मग 'फूड विदाउट फायर', म्हणजे आईनं सकाळी सहाला उठून सँडविच करायचं आणि मुलानं शाळेत त्याच्यावर टोमॅटोची चकती ठेवायची. ॲन्युअल डेचा ड्रेस भाड्यानं, तोही त्यांनीच ठरवलेल्या दुकानातून. पुस्तक सप्ताहात आवडत्या पात्राचा वेश. पुस्तक वाचायचं की नाही ते त्यात कुठे नव्हतं. रात्री साडेआठला आमच्या नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जा, ग्लिटर पेन आणि फोम शीट मागणाऱ्या पाच आया आणि एक चुकलेला बाप उभा दिसेल.

या सगळ्या कागदात एकच कार्यक्रम असा होता की ज्यात वस्तू नाही, माणूस मागवलं होतं. तोच नेमका यांनी रात्री पावणेदहाला पुढे ढकलला.

आईंना मी तो कागद वाचून दाखवला, त्याला दहा दिवस झाले असतील. खेळ म्हटल्यावर त्यांनी कपाटाच्या वरच्या खणातून बोर्नव्हिटाचा जुना डबा काढायला लावला. आत बटणं, बिनकामाच्या किल्ल्या, एक ट्रामचं वाटावं इतकं जुनं तिकीट (ते रेल्वेचं निघालं), आणि तळाशी सागरगोटे. पाच. राखाडी, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेले, एकावर बारीक चीर. सासूबाईंच्या माहेरचे! साठ वर्षं तरी झाली असतील. चार दिवस दुपारी जेवणं झाल्यावर अगाशीच्या दारात फरशीवर बसून त्यांचा सराव चालला होता. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा उचलायचा आणि त्याच हातात वरचा झेलायचा. आधी एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. चौघे एकदम काही जमेनात, उजव्या हाताचं मधलं बोट वळत नाही त्यांचं. तरी तिसऱ्या दिवशी जमले तेव्हा मला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवले. मी हातातली कणीक तशीच ठेवून गेले. परत उडवले तर पडले. "आत्ता जमले होते हं," म्हणाल्या.

आता मला सांगा, या बाईला कळवायचं तर कसं कळवायला हवं होतं?

मराठीत कळवा असं मी म्हणतच नाहीये. बडोद्यात राहते, मला अक्कल आहे. आई गुजराती फडाफडा वाचतात. सकाळचा पेपर गुजरातीच येतो आमच्याकडे. दोन ओळी गुजरातीत टाकल्या असत्या, "આવતી કાલનો કાર્યક્રમ..." असं काहीतरी, तरी... थांबा, त्यांच्या फोनवर ॲपच नाही. बरं, ते वेगळं. पण वर्गाबाहेरच्या फळ्यावर, फाटकावर खडूनं, काल दुपारी सुटतानाच? नाही जमत?

2023 चा कायदा आहे, गुजरातेत पहिली ते आठवी सगळ्या शाळांना गुजराती शिकवणं सक्तीचं. आमच्या शाळेत शिकवतात. चिऊ 'क कमळ नो क' छान म्हणते. म्हणजे मुलांना शिकवायला चालते ही भाषा, आजी-आजोबांना निरोप द्यायला चालत नाही.

आणि हे कुठं? बडोद्यात! ज्या संस्थानात 1893 ला अमरेली तालुक्यात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं, 1906 ला अख्ख्या राज्यात, आणि पोर शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड. खेड्यापाड्यांत पेट्या भरभरून पुस्तकं पाठवली सयाजीरावांनी. स्वतः घरात मराठी बोलणारा माणूस, पण कारभार रयतेच्या गुजरातीत चालवला. 1931 ला तर सरकारी कामातल्या इंग्रजी शब्दांना इकडच्या भाषांतले शब्द देणारा कोश काढला दरबारानं. का? तर कागद ज्याच्यासाठी आहे त्याला वाचता यावा. आम्ही मराठी लोक सयाजीरावांच्या जयंतीला काळ्या घोड्याशी, म्हणजे त्यांच्या इथल्या पुतळ्याशी, फोटो काढतो, आणि सर्क्युलर मात्र 'काइंडली'!

हो, माहितीये. कमेंटमध्ये लिहायच्या आधीच लिहिते: इंग्रजी शाळेत मीच घातलंय तिला. आमच्या आई स्वतः नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळेत शिकल्या, मीही गुजराती माध्यमातून शिकले, दोघींचं काही अडलं नाही. तरी चिऊला मी इंग्रजीतच घातलं. घातलं तर घातलं.

पण सगळेच माझ्यासारखे नाहीत ना वर्गात. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के जागा असतात खाजगी शाळांत गरीब घरच्या मुलांसाठी, चिऊच्या वर्गातही आहेत ती मुलं. चिऊ ज्याच्या शेजारी बसते त्या मुलाच्या घरी भाजीची लारी (हातगाडी) आहे. त्याच्या आईबापांना 'अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस' कोण वाचून दाखवणार? आणि हे फक्त खेळाच्या कार्यक्रमाचं नाही. परवाच 18 जानेवारी गेली. 2024 ला त्या दिवशी हरणी तलावात सहलीची बोट उलटली, 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. त्या संध्याकाळी बडोद्यात कुणाच्या घरी जेवण झालं नसेल. तेव्हापासून सहलीचं तीन पानी संमतिपत्र आलं तरी मी कुरकुर करत नाही, हवंच ते. पण तेही इंग्रजीत असतं हो! लारीवाल्या भाईनं सही कशावर केली? त्याला कुणी सांगितलं का, सहल कुठे जाणार, पाण्यात उतरवणार की नाही? हे लिहिताना हात थरथरतोय माझा. चुकीचं बोलतेय का मी?

टीचरचं म्हणाल तर तिचाही राग नाही आता. बेचाळीस पोरं, वर ॲपवर फोटो चढवायचे, तिलाही रात्रीच कळलं असेल. नंतर ऐकलं की आज कुणीतरी तपासणीला येणार होतं. असेल. तिनं तो मेसेज टाइप करताना दोन हात जोडले, त्यात तिचाही दिवस दिसतोच.

संध्याकाळी घरी आले तर जांभळी साडी घडी घालून पलंगावर. कपाटात ठेवलेली नव्हती, कारण कपाटाचा वरचा खण आईंना गाठता येत नाही, मी ठेवून देते. ती घडी बघून मला रडू आलं. आई आपल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, फार वेळ उभ्या होतात का?" तर म्हणाल्या, "उभी कशाला? खुर्ची दिली त्यांनी."

मग हळूहळू बाहेर आलं. त्या एकट्या नव्हत्याच. सहा-सात आजी-आजोबा आले होते न कळून. बाकीचे वैतागून परत गेले. एक आजोबा राहिले, सोमा तलावाहून आलेले, लारीवाल्या मुलाचे. आज दुपारपर्यंत लारी सुनेवर टाकून आलेले, धुतलेला पांढरा सदरा, खिशात भोवरा. परत जायचं तर लगेच कशाला म्हणून दोघं फाटकाबाहेरच्या सावलीत बसले. आजोबांनी भोवऱ्याला जाळी गुंडाळून वॉचमनकाकांना फिरवून दाखवला. मग तो तळहातावर घेतला. वॉचमनकाकांनी पण फिरवला, त्यांचा गटारात गेला. मग आईंनी फूटपाथवर पदर खोचून सागरगोटे काढले. आजोबा म्हणाले, "अरे, आ तो पांचीका!" त्यांच्या बहिणी खेळायच्या म्हणे. "चारही उचलले का हो?" मी विचारलं. आईंनी शेंगेकडे बघत मान हलवली. हो की नाही, कळलं नाही, आणि मीही परत विचारलं नाही.

वड्या मग वॉचमनकाकांना, आजोबांना आणि समोरच्या झेरॉक्सवाल्याला. चिऊ घरी येऊन सांगते, "मम्मा, काकांनी मला गेटवर तिळाची वडी दिली, एकदम आजीसारखी होती!"

आता खरं ते लिहिते, नाहीतर रात्री झोप यायची नाही. ॲपची नोटिफिकेशन मीच बंद केली होती. डिसेंबरात. रोज अकरा-बारा मेसेज, 'थॉट फॉर द डे', कुणाचा तरी वाढदिवस, हरवलेल्या डब्याचं झाकण. एका रात्री चिडून बंद केली ती केलीच. म्हणजे 9:47 चं सर्क्युलर आलं तेव्हा फोन माझ्या शेजारीच होता, ओट्यावर, आणि गप्प होता. नवऱ्याकडे पासवर्डच नाही, त्यामुळे तो नेहमीप्रमाणे निर्दोष. आईंना मी हे अजून सांगितलेलं नाही. त्यांना वाटतंय शाळेनं कळवलंच नाही. शाळेनं कळवलं होतं. मला.

तरीही. पावणेदहाला कळवणं म्हणजे कळवणं नव्हे, यावर मी ठाम आहे.

सहा तारखेपर्यंत रथसप्तमी होऊन जाईल, मग तिळगूळ वाटता येणार नाही. आईंनी त्यावर तोडगा काढलाय, खोबऱ्याच्या वड्या करणार. कॅलेंडरवर 6 ला त्यांनी पेन्सिलीनं गोल केलाय. पेननं नाही, पेन्सिलीनं.

पण एक अडचण आहे, आणि खरं तर त्यासाठीच एवढं लिहिलं. परत येताना रिक्षात पिशवी कलंडली आणि एक सागरगोटा पडला. चिरेवाला नाही, चांगला पडला. चारच उरलेत. सागरगोटा म्हणजे शेवटी औषधी बीच, म्हणून मांडवीकडे देशी औषधांच्या दुकानांत 'काचका' (त्याचं गुजराती नाव) म्हणून मागितलं तर मिळतात असं कुणीतरी म्हणालं. खरं का? कुणाला दुकान नक्की माहीत असेल तर सांगा, शनिवारी अर्धा दिवस सुट्टी आहे मला. प्लॅस्टिकचे नकोत.