चालत नाहीये, अर्जंट!

पिंपळगाव बसवंतच्या मामांचा द्राक्षांचा हिशेब एक्सेलमध्ये असतो. ‘तू कॉम्प्युटरवाला ना, जरा बेरजा मारून दे,’ एवढ्यावर मी पायथनमध्ये २१४ ओळींचा प्रोग्राम लिहिला. रविवारी रात्री ११ वाजता त्याने मान टाकली. मी ऑनलाइन ग्रुपवर लिहिलं, ‘कोड चालत नाहीये. अर्जंट. प्लीज हेल्प.’

तासभर सगळे चिडीचूप. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर रिक्षात बसून ‘दादा, जायचंय, अर्जंट’ म्हटलं असतं, तर रिक्षावाल्याने निदान ‘कुठं?’ तरी विचारलं असतं. (मीटरचा विषय नको.)

अखेर एकाने विचारलं, ‘एरर काय येतोय?’ मी तत्परतेने मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. त्यात ट्यूबलाइट छान आली होती, माझा अंगठाही. एररची शेवटची ओळ तेवढी कापली गेली. पायथन आमच्या आत्यासारखा आहे. कुठून कुठे गेलो ते सगळं रामायण आधी, मुद्दा शेवटच्या ओळीत.

‘दादा, फोटो नको, टेक्स्ट टाका. लागतो तेवढाच कोड. डेटाच्या दोन-तीन ओळी. काय यायला हवं होतं, काय आलं? आणि आधी काय करून पाहिलंत?’

लॅपटॉप बंद करून चालू केला होता. हे चारचौघांत कसं लिहायचं?

मुकाट छाटणीला बसलो. मामा एप्रिलात बागेची खरड छाटणी करतात, तशी. उधारीचा तक्ता गेला, रंगीत आलेख गेला (तो करायला दोन रात्री लागल्या होत्या), ७ ओळी उरल्या. एरर तोच. कीएरर: 'वजन'. म्हणजे या नावाचा कॉलमच नाही म्हणे! समोर ढळढळीत दिसतोय की! पायथनला तोंडघशी पाडायचं म्हणून, पुरावा जोडायला, कॉलमची नावं छापून घेतली.

'तारीख', 'दर', 'वजन '.

‘न’ आणि अवतरणचिन्ह यांच्यामध्ये बारीकशी फट. कुणाचा तरी अंगठा स्पेसबारवर पडला होता.

आयुष्यात पहिल्यांदा इतका मुद्देसूद प्रश्न लिहिला आणि पाठवायच्या आतच तो सुटला. दाखवायचा कुणाला?

सकाळी मामांना फोन लावला. ‘मामा, तुमच्या वजनापुढे थोडी जागा रिकामी राहिलीये.’

‘राहिली असेल,’ मामा आवाज खाली आणून म्हणाले, ‘शेवटची कॅरेटं जरा हलकीच भरली होती. व्यापाऱ्याला बोलू नको.’