सिटीचा कोर्स केला म्हणजे आरसीआर झालं?

अमेरिकेत संशोधनाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये एक संदेश फिरतोय: "माणसांवर प्रयोग नसेल तर एथिक्स ट्रेनिंग लागत नाही. लागलंच तर पीएचडीवाल्यांना. सिटीचा ऑनलाइन कोर्स एकदा केला की कुठेही चालतो. तसंही कोण तपासतंय?" (सिटी, म्हणजे CITI, हे संशोधकांच्या प्रशिक्षणाचं संकेतस्थळ; बरीच विद्यापीठं ते वापरतात.) या संदेशातलं एकही वाक्य जसंच्या तसं टिकत नाही.

माणसांवरच्या प्रयोगांचं प्रशिक्षण वेगळं आणि आरसीआर, म्हणजे जबाबदार संशोधनाचं प्रशिक्षण, वेगळं. आरसीआरमध्ये डेटाच्या नोंदी, लेखकांची नावं कोणी कशी ठरवायची, हितसंबंध, मार्गदर्शकाशी व्यवहार हे सगळं येतं. दिवसभर फक्त कोड लिहिणाऱ्यालाही ते लागू होतं.

'फक्त पीएचडी' हे तर सरळ चूक. ४ जानेवारी २०१० पासून एनएसएफ या विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशातून संशोधन करणारे पदवीचे, पदव्युत्तर आणि पोस्टडॉक असे सगळेच यात आहेत; ३१ जुलै २०२३ पासून प्राध्यापकही. पगार न घेता फक्त क्रेडिटसाठी काम करत असाल, तर विद्यापीठाचा स्वतःचा नियम विचारा. तो बरेचदा जास्त कडक असतो.

खरा घोळ 'कुठेही चालतो' इथे आहे. एनएसएफ तास ठरवून देत नाही, ते विद्यापीठावर सोडते. म्हणून एके ठिकाणी ऑनलाइन मॉड्यूल पुरतं, दुसरीकडे वर्गात बसावं लागतं. एनआयएच या आरोग्य संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेचं तसं नाही. तिच्या ट्रेनिंग ग्रँट आणि फेलोशिपवर असाल तर प्राध्यापकांसोबत किमान ८ तास चर्चा हवी, करिअरच्या प्रत्येक टप्प्यावर, आणि ४ वर्षांतून एकदा तरी. नुसत्या ऑनलाइन मॉड्यूलवर ते भागत नाही. (एनआयएचच्या साध्या संशोधन अनुदानावर हा नियम आपोआप लागत नाही, हे मात्र संदेश लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं.)

आता तपासणी. एनएसएफला प्रस्ताव पाठवतानाच, प्रशिक्षणाची योजना आमच्याकडे आहे, असं विद्यापीठ लिहून देतं. योजना सोबत जोडायची नसते, पण एनएसएफ ती मागवू शकते. कोणी प्रशिक्षण घेतलं याची नोंद ठेवायला विद्यापीठाने माणूसही नेमलेला असतो. त्याच्या यादीत तुमचं नाव नसेल, तर 'कोर्स केलाय' म्हणून उपयोग नाही.

नाव बहुतेकदा दोन कारणांनी सुटतं. सिटीवर वैयक्तिक ईमेलने खातं उघडलेलं असतं आणि ते विद्यापीठाशी जोडलेलंच नसतं, त्यामुळे निकाल तिथे पोचत नाही. किंवा सिटीच्या कोर्सेसच्या यादीत 'ह्यूमन सब्जेक्ट्स', म्हणजे माणसांवरच्या प्रयोगांचं प्रशिक्षण, आधी दिसतं म्हणून तेच निवडलं जातं. विद्यापीठाच्या लॉगिननेच शिरा, 'रिस्पॉन्सिबल कंडक्ट ऑफ रिसर्च' शोधा, आणि पूर्ण झाल्यावर मिळणाऱ्या अहवालाची पीडीएफ, त्यावरच्या रेकॉर्ड क्रमांकासकट, स्वतःकडे ठेवा.