‘मोफत खाटा करारात असतातच की!’ असतात. पुढे काय?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: ‘सरकारी रुग्णालयं कंपन्यांना चालवायला दिली तर गरिबांचं काही बिघडत नाही, करारात मोफत खाटा असतातच. कोर्टात जाणारे नुसता खोडा घालतात. आणि कोर्ट तरी सरकारच्या धोरणात कुठे पडतं?’

आधी खाटांचं बघू. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलोच्या करारातही त्या होत्या. सरकारने १५ एकर जमीन १ रुपया नाममात्र भाड्याने दिली, २६ टक्के भागभांडवल घातलं. बदल्यात एक-तृतीयांश खाटा आणि ओपीडीतले ४० टक्के रुग्ण मोफत, असं ठरलं. रुग्णालय १९९६मध्ये सुरू झालं आणि १९९७मध्ये वकिलांची एक संघटना जनहित याचिका घेऊन दिल्ली उच्च न्यायालयात पोचलीसुद्धा. भांडण ‘मोफत’ या शब्दावर अडलं. रुग्णालयाचं म्हणणं, खाट मोफत, डॉक्टर मोफत. औषधं आणि इतर साहित्याचे पैसे रुग्णाने भरावेत. आता शस्त्रक्रियेला आलेल्या हातावर पोट असलेल्या माणसाला नुसती खाट फुकट मिळून काय करायचं? २२ सप्टेंबर २००९ रोजी न्यायालयाने हा अर्थ फेटाळला. बारा वर्षं गेली. मग अपील. मार्च २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालय अजून विचारतच होतं की गरिबांवर खरंच उपचार होतात का. होत नसतील तर रुग्णालय एम्सकडे देऊ, असंही सुनावलं. एवढी वर्षं सरकार तिथे भागीदार होतं, बरं का!

आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयांचंही तेच. निर्धनांसाठी १० टक्के, दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा, ही तरतूद कायद्यात १९८०च्या दशकापासून. ती राबवायची कशी, याची योजना मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये घालून दिली. तीही याचिकेवरच.

धोरणाचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. बाल्को प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्गुंतवणुकीसारख्या, म्हणजे सरकारी कंपनीतला हिस्सा विकण्यासारख्या, आर्थिक धोरणाचा शहाणपणा तपासणं आमचं काम नाही. पण बाल्को ॲल्युमिनियमची कंपनी होती. रुग्णालयाबाबत पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचाच १९९६चा निकाल आहे. रेल्वेतून पडलेल्या जखमीला कोलकात्यातल्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी दाखल करून घेतलं नव्हतं. वेळेवर उपचार नाकारणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१चा, जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असं न्यायालय म्हणालं. ही जबाबदारी करार करून अंगावरून झटकता येते का, असा प्रश्न याचिकेत विचारता येतो, आणि तो धोरणाचा नाही.

राहिला खोडा. स्पेनमध्ये माद्रिद प्रांताने सहा सरकारी रुग्णालयांचं व्यवस्थापन खासगी हाती द्यायचं ठरवलं, तेव्हा तिथले डॉक्टरच कोर्टात गेले. सप्टेंबर २०१३मध्ये स्थगिती मिळाली, जानेवारी २०१४मध्ये ती कायम झाली. त्याच दिवशी प्रांत सरकारने योजना गुंडाळली आणि आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. दिल्लीत कोर्टाची पायरी रुग्णालय उभं राहिल्यावर चढली गेली, माद्रिदमध्ये किल्ल्या हातात देण्याआधी.