फिनलंडच्या फेरीतलं अंतराळ

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर पुतण्यानं जाहीर केलं की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी तो चाळीस मिनिटांची मराठी फिल्म करणारे, यान भरकटतं वगैरे, आणि अर्ध्या तासात सगळे त्याच्यावर तुटून पडले. अण्णा म्हणाले आधी राहिलेला विषय सोडव. दादानं (माझा मामेभाऊ, पुण्यात सिरियलींचं साउंड करतो त्यामुळे या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा) लिहिलं, "अंतराळ आपलं काम नाही रे. बजेट कुठंय? थर्माकोलचं यान दिसेल, लोक हसतील." खाली अंगठ्यांची रांग. आणि ह्याच लोकांनी मंगळयान ४५० कोटीत गेलं, हॉलिवूडच्या पिक्चरपेक्षा स्वस्तात, हे मला किमान दहा वेळा फॉरवर्ड केलंय. म्हणजे खरं यान स्वस्तात जातं, खोटं नाही जात?

मी इथे स्टॉकहोममध्ये, बिल्डिंगच्या सामायिक वॉशिंग रूमचा माझा स्लॉट दुसऱ्यानंच ढापलेला म्हणून आधीच तापलेलो होतो. त्यामुळे लिहिलं ते जरा लांबलं.

मी लिहिलं 'अनियारा' या स्वीडिश पिक्चरबद्दल. २०१९ च्या फेब्रुवारीत इथे थिएटरात बघितलेला, पेला कोगेरमान आणि हुगो लिल्या या दोघांचा पहिलाच मोठा पिक्चर. पृथ्वीची वाट लागलीये, लोक मंगळावर निघालेत, तीन आठवड्यांचा प्रवास, वाटेत कचरा आदळतो, इंधन टाकून द्यावं लागतं आणि यान वळवताच येत नाही, ते सरळ काळोखात जात राहतं. बस, एवढंच. लेझर नाही, एलियन नाही. आणि यान आतून कसं, तर मॉल. शूटिंगच मुळी इथले खरे मॉल आणि फेरीबोटी वापरून केलंय. सरकते जिने, दुकानं, केबिनच्या दारांच्या लांबच लांब रांगा. पडद्यावर पहिल्यांदा तो जिना आला तेव्हा माझ्या शेजारची बाई फिसकन हसली, कारण दर शनिवारी आम्ही सगळे त्याच असल्या जिन्यावर पिशव्या घेऊन उभे असतो. दहाव्या मिनिटाला कोणी हसत नव्हतं.

दादा, हे बजेट नाहीये, ही नजर आहे, असं मी लिहिलं. (आता वाचताना लाज वाटते, पण लिहिलं.) आणि आपल्याला तर हे जास्त जमायला पाहिजे. प्रायोगिक नाटकाला दोन खोके ठेवून नट म्हणतो ही आगगाडी, आणि आपण मुकाट्यानं गाडीत बसतो की नाही? मग अंतराळालाच थर्माकोल का आठवतो? गोष्टींचा तर दुष्काळ नाहीच. हा पिक्चर ज्या दीर्घकवितेवरून घेतलाय ती स्वीडिश कवी हॅरी मार्टिनसननं १९५६ ला लिहिली, १०३ सर्ग, त्याला नोबेल मिळालं १९७४ ला. त्याच १९७४ ला आपल्याकडे नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून बायकोकडून लिहून घेतली आणि पहिला नंबर काढला. कृष्णविवरावर! सातारच्या घरी आमच्या कपाटात ती पुस्तकं होती, अजून असतील, अण्णांनी रद्दीत घातली नसतील तर.

दादाचं उत्तर दोन ओळींचं. "तिथे फिल्म इन्स्टिट्यूट पैसे देते ते नाही सांगितलंस. आणि तिकडून नजर वगैरे शिकवू नकोस."

पहिलं खरंच होतं. या पिक्चरलाही सरकारी पाठबळ होतं, मला माहीत होतं, सोयीनं गाळलं. दुसऱ्यावर मी बराच वेळ काहीतरी टाइप करत होतो आणि पुसत होतो.

कारण पिक्चरमधली एक गोष्ट मी ग्रुपवर लिहिलीच नव्हती. यान भरकटल्यावर कॅप्टन प्रवाशांना सांगतो, घाबरू नका, वाटेत एखादा ग्रह लागेल, त्याच्याभोवतून वळू, जास्तीत जास्त दोन वर्षं. तो खोटं बोलतोय. मी सप्टेंबर २०१४ ला आलो, मंगळयान पोचलं त्याच महिन्यात, आणि निघताना आईला बरोब्बर हेच सांगितलं होतं. दोन वर्षं. मी खोटं बोलत नव्हतो पण फरक काय पडतो. पिक्चरमध्ये दहाव्या वर्षी यानावर समारंभ होतो, माझ्या दहाव्या वर्षी आमच्या ऑफिसात फिकाला (इथली कॉफीची सुट्टी) केक होता, त्यावर माझं नाव चुकवलेलं.

यानात एक खोली आहे, मीमा. तिथे पालथं पडायचं आणि आपली जुनी पृथ्वी बघायची, झाडं, पाणी, पक्षी. सुरुवातीला फारसं कोणी जात नाही, नंतर रांगा लागतात, शेवटी लोकांच्या आठवणींनी ते यंत्रच वेडं होऊन स्वतःला संपवतं. आई मला जूनमध्ये पागोळ्यांचा व्हिडिओ पाठवते, चौदा सेकंदांचा, मागे कुकरची शिट्टी. तो मी नोव्हेंबरात बघतो, दुपारी तीनला अंधार पडल्यावर. किती वेळा ते नाही सांगत. आणि वर मीच घरच्यांना सांगतो की तुम्ही जुन्यातच अडकलाय.

हे दादाला लिहिलं नाही अर्थात. "बरं" एवढंच लिहिलं.

रात्री पुतण्याचा वेगळा मेसेज. "काका, ती फेरी तुम्हाला जवळ आहे का? रिकामा कॉरिडॉर पाहिजे, एक मिनिट, कॅमेरा हलवायचा नाही." पाठोपाठ दादाचा, त्यालाही पोरानं विचारलेलं दिसतंय. "आवाज वेगळा रेकॉर्ड कर. इंजिनाची घरघर आली पाहिजे, फोन भिंतीला टेकवून ठेव. बोलू नकोस मध्ये."

मागच्या शुक्रवारी फिनलंडमधल्या तुर्कूला जाणारी फेरीबोट घेतली. पहाटे चारला खालच्या डेकवर उभा राहिलो, फोन भिंतीला टेकवून, श्वास धरून. पन्नास सेकंद झक्कास गेली आणि मग टोकाच्या केबिनमधून बियरचा क्रेट ढकलत एक बाप्या मोज्यांवरच बाहेर आला, मला बघून "हेय" म्हणाला. पुन्हा घेणार होतो, पण दादा म्हणतोय असू दे, त्या "हेय"च्या मागची घरघर चांगली आलीये.