दोन मीटर पोपट

आमच्या टेलरमास्तरांचा एक खास बुधवार आहे. "बुधवारी या ताई," असं ते मान वर न करता सांगतात. कुठल्या बुधवारी, हे विचारायची माझी टाप नाही, कारण आपलं कापड त्यांच्या ताब्यात असतं. माझं एक चंदेरी गुढीपाडव्याला त्यांच्याकडे गेलं आणि श्रावणात ब्लाऊज होऊन बाहेर आलं, तेही कुणा दुसरीच्या मापाचं. "आत दाब ठेवलाय ना ताई, सोडून देतो."

"कधी?"

"बुधवारी."

त्या रात्री, ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या घरी, मी जाहीर केलं की यापुढे माझे टॉप मीच शिवणार. नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात ही शोकसभेची पद्धत आहे.

कापडाचा प्रश्नच नव्हता. ऑफिस फोर्टात, मंगलदास मार्केट चालत जाण्याइतकं जवळ, आणि जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपतो. उरलेल्या वेळात माणूस काय करणार? कपाटाच्या खालच्या कप्प्यात अजरख आहे, इकत आहे, खणाचे तुकडे आहेत, एक मलमल इतकी तलम आहे की तिचं काही शिवलं तर ते घालून कुठे जायचं हा वेगळा प्रश्न येईल. घेताना प्रत्येकाचं काय शिवायचं ते पक्कं ठरलेलं असतं. घरी आणून घडी मोडली की मात्र कात्री लावायचा धीर होत नाही. "सोनं तरी अडीअडचणीला मोडता येतं," असं नवरा म्हणतो. त्याचं लक्ष नसताना मी पुढचे दोन मीटर कप्प्यात सरकवते.

या वेळचे दोन मीटर म्हणजे पोपट. मोहरीच्या रंगावर निळे, अंगठ्याएवढे पोपट आणि प्रत्येकाच्या चोचीत लाल मिरची. हाताने ठसे मारलेलं कापड, त्यामुळे मिरचीचा ठसा कुठे कुठे सरकलेला. बऱ्याच पोपटांची मिरची चोचीत होती, काहींची डोळ्यात गेलेली, आणि एकाची तर शेजाऱ्याने पळवलेली. मी त्या एकावर भाळले आणि २८० रुपये मीटर मोजून आले.

आमच्या सासूबाईंनी ऐन उमेदीत शिवणाचा क्लास केलेला. त्यांचं काळं पायमशीन खिडकीखाली आहे, त्यावर सध्या मनीप्लांट राहतो. त्यांच्या विद्येत पॅटर्न, म्हणजे कपडा बेतायचे तयार कागदी आराखडे, विकत घेणं बसत नाही. जुनं वर्तमानपत्र पसरायचं, छातीचा चौथा भाग अधिक दीड इंच, गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग, आणि कात्री चालवायची. अग्रलेखाचा पुढचा भाग, क्रीडापानाची पाठ. पण मला साधा कुर्ता नको होता. मला हवा होता पडद्यावर दिसलेला तो परदेशी टॉप: खाली घेरदार, गळा पसरट, मागे छोटीशी चीर आणि तिला एक बटण. हजार-अकराशे रुपये भरले आणि पॅटर्न फोनवर आला. तीस पानं.

कागदी पॅटर्नचा उद्योग रांकेला लावला तो एबेनेझर बटरिक नावाच्या अमेरिकन शिंप्याने, १८६३ साली. त्याआधी पॅटर्न एकाच मापात मिळायचे, लहानमोठं करायचं ते घरच्या बाईने डोकं चालवून. याने एकच कपडा वेगवेगळ्या मापांत कापून विकला. भला माणूस. पण तिथल्या जुन्या मोठ्या कंपन्यांच्या तक्त्यात चाळीस इंच छातीला १८ नंबर पडतो. दुकानात 'एल' म्हणून मिरवणाऱ्या बाईला घरबसल्या अठरा नंबर लागणं, हा धक्का रात्रीच्या जेवणानंतर पचवायचा नसतो. शिवाय त्यांची बाई पाच फूट पाच-सहा इंच उंच धरलेली. मी पाच फूट एक, तेही आंबाडा घालून.

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. "फिट टू पेज करतो ताई, कडा कटणार नाहीत," असं तो मुलगा म्हणाला. मला त्याच्या काळजीचं भरूनच आलं. रात्री हॉलमध्ये पंखा बंद करून तीस पानं जमिनीवर मांडली. पान चारचा ब पान पाचच्या ब ला, त्रिकोणाला त्रिकोण. दोन तास घामाघूम होऊन चिकटपट्टी मारली. मुलगी पाण्यासाठी उठली ती माझ्या डाव्या खांद्यावरून चालत गेली.

सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. "हा कोपऱ्यातला चौकोन कसला गं?"

"काही नाही आई, छपाईत माप बरोबर आलंय का ते तपासायला असतो. दोन इंच बाय दोन इंच."

त्यांनी टेप लावला. "हा दोनाला एक सूत कमी आहे."

"आई, एक सूत! म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याने काय होतंय?"

त्या काही बोलल्या नाहीत, बोटांवर हिशोब करत राहिल्या. "दोन इंचात एक सूत. म्हणजे चाळीस इंचात वीस सूत. अडीच इंच गेले गं छातीतले. श्वास कुठे ठेवणारेस?"

दुसऱ्या दिवशी परत तीस पानं. या वेळी झेरॉक्सवाल्याला मी दरडावून सांगितलं, कडा गेल्या तर जाऊ देत, माझी छाती शाबूत राहू दे. त्याने मान खाली घातली आणि माझ्या मागे रांगेत उभा असलेला माणूस पासपोर्टची झेरॉक्स न काढताच निघून गेला.

आता कापड. सुती कापड आधी भिजवायचं, जे आटायचंय ते आधीच आटू द्यायचं, हे मला माहीत होतं. बादलीत मीठ घालून बुडवलं, पाणी फोडणीच्या रंगाचं झालं. महिना जुलै. ठाण्यात जुलैत कापड वाळत नाही, फक्त ओलं राहायचं थांबतं, त्यालाही चार दिवस लागतात. पाचव्या दिवशी मोजलं तर दोन मीटरचं एक मीटर ब्याण्णव भरलं. पॅटर्न सांगत होता अठ्ठावन्न इंच पना, म्हणजे कापडाची रुंदी, माझ्या पोपटांचा पना चव्वेचाळीस.

पण मी बेतायला बसले तेव्हा मला एक युक्ती सुचली. युक्ती नव्हे, साक्षात्कार. टॉप वर अरुंद, खाली घेरदार. मग पुढचा भाग सरळ ठेवायचा आणि पाठ उलटी करून त्याच्या कुशीत बसवायची, रेल्वेच्या बाकावर पाचवी बाई बसते तशी. एवढं कापड वाचलं की त्यात एक छोटा बटवा निघणार! मॅचिंग बटव्याच्या कल्पनेने माझे हात थरथरायला लागले. मी खडूने आखलं आणि नवी साडेसहाशेची कात्री चालवली. (तिने फक्त कापडच कापायचं असतं. नवऱ्याने तोवर त्याच कात्रीने दुधाची पिशवी कापली होती. त्यावर वेगळं बोलणं झालं.)

पुढचा तुकडा झाला. पाठ कापली. बाही कापली. तोच कागद, त्याच अंगाने ठेवून, दुसरी बाही कापली. उरलेलं कापड बटव्यासाठी जपून घडी घालून ठेवलं.

मनीप्लांट उतरवून मशीनवर बसले. पायमशीन दिसतं तेवढं गरीब नसतं. चाक आपल्याकडे फिरायला हवं. पायाने जरा आळस केला की ते उलटं फिरतं, मग वरून टीप सुबक दिसते आणि कापड उचलून पाहावं तर खाली दोऱ्याची शेवई. ती उसवायची. पुन्हा टीप. या खेपेला पाय बरोबर पडला, खटखट लय लागली, मी गुणगुणायला लागले, कडेपर्यंत आले, आणि लक्षात आलं की बॉबिनमधला दोरा केव्हाच संपलाय. वीतभर कापडावर नुसती सुईची भोकं. ओळीने. इतकी सरळ टीप मला पुन्हा कधी जमली नाही.

बाह्यांपाशी खरा तमाशा. बाहीचा गोलवा मुंढ्यापेक्षा, म्हणजे ती जिथे जोडायची त्या खांद्याच्या गोलापेक्षा, इंच-दीड इंच मोठाच असतो. तो चुण्या न पडू देता मुंढ्यात मुरवायचा असतो. सासूबाई म्हणतात, वरण मऊ भातात मुरतं तसा. पहिली बाही तासाभरात मुरली. दुसरी काही केल्या ऐकेना. कागदावर खुणा असतात: एक खाच म्हणजे पुढची बाजू, दोन खाचा म्हणजे मागची. पुढची बाजू जास्त खोल खोदलेली, कारण हात पुढे येतात. माझ्या दुसऱ्या बाहीची एक खाच पाठीकडे जात होती. मी बाही उलटी केली, तर खाच जागेवर आली, पण पोपट आत गेले आणि मागची फिकट बाजू बाहेर आली.

सासूबाईंनी दोन्ही बाह्या हातात घेतल्या, एकीवर एक ठेवल्या.

"एकाच हाताच्या आहेत गं दोन्ही. दोन्ही डाव्या."

कापड दुमडून कापलं असतं तर एक डावी, एक उजवी आपोआप निघाली असती. मी सुटं कापड, एकाच अंगाने, दोनदा कापलं होतं. मुलीने आतल्या खोलीतून विचारलं, "काय झालं?" नवऱ्याने तिथूनच सांगितलं, "आईचा पोपट झाला."

बटव्याचा बळी द्यावा लागला. उरलेल्या तुकड्यात उजवी बाही बसली, पण आडवी. आणि ती बेतताना मी पहिल्यांदा अख्खं कापड नीट पसरून पाहिलं. पोपट सगळे एकाच दिशेला तोंड वर करून बसलेले. म्हणजे पुढच्या अंगाला ते ताठ उभे, उजव्या बाहीवर पाठ टेकून झोपलेले, आणि पाठीवर, जिथे मी जागा वाचवली होती तिथे, सगळ्यांचं शीर्षासन. तोंडात मिरची घेऊन शीर्षासन.

"मागचं कोण बघतंय," सासूबाई म्हणाल्या. त्यांना या वाक्यासाठी मी जन्मभर माफ करीन.

गळ्याला उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावली, तिचे हाल लिहीत नाही. मागची ती चीर, तिचा नाडीएवढा फासा आणि बटण, हे मात्र मी गाळलं. एका बटणाने काय बिघडतंय? दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी अकराला मी टॉप डोक्यावरून घातला. हात बाह्यांत गेले, कपाळ गळ्यात शिरलं, आणि नाकाशी सगळी वाहतूक थांबली. वरही जाईना, खालीही येईना. ती चीर शोभेला नव्हती, डोकं जाण्यासाठी होती. दोन्ही हात वर, तोंडावर मोहरीचा अंधार, डोळ्यांसमोर एक पोपट, आणि तेवढ्यात दाराची बेल.

"कोण आहे गं घरात?" पायपुसण्याच्या आवाजावरून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीच्या वर्गणीसाठी आले होते. नवऱ्याने त्यांना बसवलं. मी बेडरूममध्ये हात वर करून उभी. "वहिनी नाहीत?" "आहेत ना. जरा कामात अडकल्यात."

सासूबाई आल्या. त्यांनी माझ्या मानेमागे हात लावून पाहिला, मग अर्ध्या ब्लेडने पाठीच्या मधोमध चार बोटं चीर दिली, सरळ पोपटांतून. गार हवा आली. ब्लेड माझ्या मणक्यापासून नखाच्या अंतरावर होतं आणि त्या शांतपणे म्हणत होत्या, "आमच्या क्लासच्या बाई सांगायच्या, आधी डोकं मोजा, मग गळा."

टॉप उतरल्यावर त्यांनीच चिरेला पट्टी लावली, हाताने फासा केला आणि त्यांच्या डब्यातलं एक जुनं शिंपल्याचं बटण लावून दिलं. वीस मिनिटं. मला तीन आठवडे लागले होते. हिशोब मी कुणालाही सांगितलेला नाही, इथे सांगते: कापड ५६०, पॅटर्न ११००, झेरॉक्स दोनदा मिळून ३००, दोरे आणि कॅनव्हास १५०, कात्री ६५०. एकूण २७६०. मास्तर टॉपचे साडेचारशे घेतात.

सोमवारी तोच घालून निघाले. मुंढा काखेत ओढत होता, लांबी उंच बाईची असल्याने टॉप गुडघ्याशी गप्पा मारत होता, पण अंगावर होता. मास्तरांच्या दुकानावरून मुद्दाम रमत गेले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांनी मान वर केली. पुढून पाहिलं. मी पुढे गेल्यावर पाठही पाहिली असणार, कारण मागे मशीन थांबल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

लेडीज डब्यात दाराजवळ उभी राहिले. मागून एक बाई बराच वेळ माझ्या पाठीकडे बघत होत्या. शेवटी खांद्यावर हलकेच टकटक झाली.

"टॉप छान आहे हो. कुठून घेतला?"

या क्षणासाठी तर सगळा खटाटोप होता. "घेतला नाही, मी घरी शिवलाय," मी म्हटलं.

"हां, मग बरोबर," त्या म्हणाल्या. "हलू नका हं." आणि माझ्या पाठीवरच्या एका पोपटाच्या पोटातून त्यांनी मोतीवाली टाचणी उपसून काढली. उजेडात धरून पाहिली. "तुम्हाला हवीये का?"

मी नको म्हटलं. त्यांनी ती आपल्या ओढणीला खांद्यावर टोचली आणि मुलुंडला उतरून गेल्या.